फ्लूच्या लसीनंतर दुखावलेला खांदा आणि अमेरिकेतील भरपाईचा दावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्या ताई न्यू जर्सीत एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या पत्नीला मिळणाऱ्या व्हिसावर, राहतात. १८ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांनी घराजवळच्या फार्मसीत फ्लूची लस डाव्या दंडात घेतली. त्याच रात्री खांदा ठणकू लागला आणि आठवड्याभरात हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. लसीचे दुखणे आहे, आपोआप जाईल, असे म्हणत त्यांनी चार-साडेचार महिने काढले आणि मार्च २०२५ मध्ये पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवले. एमआरआयमध्ये बर्सायटिस, म्हणजे सांध्याजवळच्या द्रवाच्या पिशवीची सूज, दिसला, पुढे फ्रोजन शोल्डरचे, म्हणजे खांदा आखडल्याचे, निदान झाले. जून-जुलैमध्ये पुण्यात माहेरी असताना त्यांनी फिजिओथेरपी घेतली. फार्मसीच्या कागदावर मात्र लस उजव्या दंडात दिल्याची नोंद आहे. फार्मसीवर दावा लावता येईल का, व्हिसावर काही परिणाम होईल का आणि वकिलाचा खर्च कसा झेपायचा, असे त्यांचे प्रश्न आहेत. शिवाय त्यांच्या आईंना पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात लस घेतल्यावर असाच त्रास झाला, त्याचे काय करता येईल, हेही त्यांनी विचारले आहे.

आधी फार्मसीचे. फार्मसीवर थेट दावा लावू नका आणि तिच्या विमा कंपनीने एखादी रक्कम देऊ केली तर कशावरही सही करू नका. अमेरिकेच्या १९८६ च्या राष्ट्रीय बाल-लस इजा कायद्यानुसार, एक हजार डॉलरहून अधिक भरपाईसाठी लस देणाऱ्यावर किंवा बनवणाऱ्यावर दिवाणी दावा लावायचा असेल, तर त्याआधी तिथल्या केंद्र सरकारच्या लस इजा भरपाई योजनेत अर्ज करावाच लागतो. उलट बाजूने, दिवाणी दाव्यात तडजोड करून पैसे घेतले असतील तर या योजनेचे दार बंद होते. कायद्याच्या नावात बाल हा शब्द असला तरी योजना प्रौढांनाही लागू आहे. अट एवढीच की घेतलेली लस योजनेच्या यादीत असली पाहिजे. फ्लूची हंगामी लस त्या यादीत आहे.

ही योजना १ ऑक्टोबर १९८८ पासून चालू आहे. यादीतल्या लसीच्या प्रत्येक डोसवर, ती जितक्या रोगांपासून संरक्षण देते त्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट कर घेतला जातो आणि तो एका स्वतंत्र निधीत जमा होतो. फ्लूच्या डोसवर ७५ सेंट, तर गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीवर सव्वादोन डॉलर. भरपाई या निधीतून मिळते. त्यामुळे तुमच्या प्रकरणात प्रतिवादी म्हणून फार्मसी किंवा तिथली नर्स नसते, तर अमेरिकेच्या आरोग्य आणि मानवी सेवा खात्याचे मंत्री असतात आणि त्यांच्या वतीने न्याय खात्याचे वकील उभे राहतात. कोणी चूक केली हे सिद्ध करावे लागत नाही. आपल्या लोकांना दोन गोष्टींचा संकोच वाटतो: इंजेक्शन देणाऱ्या मुलीची नोकरी जाईल का, आणि आपल्याला लसविरोधी समजले जाईल का. दोन्ही अनाठायी आहेत. लसीकरण निर्धास्तपणे चालू राहावे म्हणूनच ही व्यवस्था उभी केलेली आहे, आणि खांद्याच्या इजेत तर दोष बहुधा लसीतल्या घटकांचा नसून सुई कुठे आणि किती खोल गेली याचा असतो.

दंडात द्यायचे इंजेक्शन डेल्टॉइड स्नायूच्या मधल्या, जाड भागात गेले पाहिजे. खांद्याच्या टोकावरचे हाड बोटांनी चाचपून, त्याच्या दोन-तीन बोटे खाली ही जागा सापडते. घाईत, बाही पूर्ण वर न करता, फक्त कपड्याचा गळा बाजूला ओढून टोचले तर सुई वर जाते आणि स्नायूऐवजी त्याच्या खालच्या द्रवाच्या पिशवीत, म्हणजे बर्सामध्ये, लस पडू शकते. सडपातळ व्यक्तीला लांब सुई वापरली तरी तेच होते. तिथे पडलेल्या लसीविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया उमटते, सूज येते, दुखतो म्हणून माणूस हात हलवत नाही आणि न हलवल्याने सांधा आखडत जातो. २०१० मध्ये याच योजनेकडे आलेल्या १३ दाव्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि लस टोचण्यामुळे होणाऱ्या खांद्याच्या या इजेला इंग्रजी आद्याक्षरांवरून सिर्व्हा (SIRVA) हे नाव रूढ झाले. २१ मार्च २०१७ पासून सिर्व्हा योजनेच्या अधिकृत तक्त्यात आहे. जानेवारी २०२१ मध्ये ती तक्त्यातून काढण्याचा नियम प्रसिद्ध झाला होता, पण अमलात येण्याआधी तो त्याच वर्षी एप्रिलमध्ये मागे घेण्यात आला. जुने लेख वाचून अनेकजण अजूनही विचारतात की सिर्व्हा तक्त्यातून गेली ना. ती गेलेली नाही.

तक्त्यात असण्याचा फायदा मोठा आहे. ठरवून दिलेल्या अटी पूर्ण झाल्या की इजा लसीमुळेच झाली असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर जाते. अटी चार आहेत. लसीआधी त्या खांद्यात आजच्या तक्रारींचे कारण ठरेल असे दुखणे, सूज किंवा बिघाड नसावा. वेदना लसीनंतर ४८ तासांच्या आत सुरू झालेली असावी. वेदना आणि हालचालीवरची मर्यादा लस दिलेल्या खांद्यापुरतीच असावी. आणि या लक्षणांचे दुसरे कारण, विशेषतः मानेतून दबलेली नस किंवा मज्जातंतूचा अन्य विकार, आढळलेले नसावे. याखेरीज सर्वच दाव्यांना लागू असलेली अट अशी की त्रास सहा महिन्यांहून अधिक टिकलेला असावा, किंवा इजेमुळे रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया करावी लागलेली असावी.

माझ्या अनुभवात खांद्याचे दावे वैद्यकीय वादावर क्वचितच अडतात. ते अडतात ४८ तासांवर, आणि तेही वेदना उशिरा सुरू झाली म्हणून नव्हे, तर ती कधी सुरू झाली हे कुठे लिहिलेले नसते म्हणून. तुमच्या पहिल्या भेटीच्या नोंदीत काय आहे ते आजच रुग्ण पोर्टलवर उघडून पाहा. अशा नोंदी बहुधा एका ओळीच्या असतात: डावा खांदा दुखतो, काही महिन्यांपासून, मार लागल्याचे आठवत नाही. रुग्ण लसीबद्दल बोललेला असतो, पण डॉक्टरांच्या दृष्टीने त्याने उपचार बदलणार नसल्यामुळे ते लिहिलेले नसते. मार्चच्या नोंदीत तुमचे दुखणे दोन महिन्यांपासून असल्याचे लिहिले असेल, तर न्याय खात्याचा वकील नेमके त्या ओळीवर बोट ठेवील आणि वेदना जानेवारीत सुरू झाली असे म्हणेल.

त्यावर उपाय आहे, पण डॉक्टरांकडे जाऊन जुनी नोंद बदलून मागणे हा नव्हे. बदललेली नोंद लपत नाही आणि संपूर्ण प्रकरणावरचा विश्वास उडतो. पुढच्या प्रत्येक भेटीत मात्र वेदना कोणत्या दिवशी आणि कशानंतर सुरू झाली हे स्पष्ट सांगा, म्हणजे ते त्या दिवसाच्या नोंदीत येईल. उपचाराच्या वेळी लिहिलेल्या नोंदींना अशा प्रकरणांत मोठे वजन असते. तरीही एखादी गोष्ट नोंदीत नाही म्हणजे ती घडलीच नाही असे मानता येत नाही, हे या दाव्यांची अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. मोकळी राहिलेली जागा इतर पुराव्याने भरता येते, आणि इथे तुमचा व्हॉट्सअॅप कामाला येईल. लसीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत बहिणीला, आईला किंवा मैत्रिणींच्या गटात तुम्ही काही लिहिले होते का ते शोधा. "काल इंजेक्शन घेतलं, हात वरच जात नाहीये, वेणीसुद्धा ह्यांच्याकडून घालून घेतली," अशा स्वरूपाचा एखादा संदेश, त्यावरच्या तारीख-वेळेसह, महिन्यांनंतर मिळालेल्या तज्ज्ञाच्या लांबलचक पत्रापेक्षा अधिक उपयोगी पडतो. संदेश मराठीत असले तरी हरकत नाही. प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडता येते. फोन बदलण्याआधी ते जतन करा आणि काहीही पुसू नका.

घरच्यांची प्रतिज्ञापत्रेही लागतील. त्यांत खूप वेदना होत होत्या यासारखी मोघम वाक्ये नकोत. नवऱ्याने काय पाहिले ते त्याने लिहावे: कुकर वरच्या फळीवरून काढताना हात अर्ध्यावर अडकला, ब्लाउजचे हूक लावता येईनात, त्या कुशीवर झोपता येईना, दिवाळीचा फराळ करताना झारा डाव्या हातातून उजव्या हातात घ्यावा लागला. २०२४ ची दिवाळी तुमच्या लसीनंतर दोन आठवड्यांच्या आत आली होती. सणाला जोडलेली आठवण तारखेसह सांगता येते आणि ती खरी वाटते, कारण ती खरी असते.

कागदावर उजवा दंड लिहिलेला आहे, याची मात्र फार धास्ती घेऊ नका. बाजूची नोंद बहुतेक वेळा इंजेक्शनच्या आधीच, संगणकाच्या पडद्यावर एका पर्यायावर क्लिक करून होते आणि पुढे माणूस दुसराच हात पुढे करतो. स्पेशल मास्टर, म्हणजे ही प्रकरणे चालवणारे न्यायाधिकारी, अशी गफलत वारंवार पाहतात, आणि पुढच्या सर्व नोंदी सातत्याने डाव्या खांद्याबद्दल बोलत असतील तर त्या नोंदींनाच अधिक महत्त्व दिल्याचे अनेक निकाल आहेत. तरीही फार्मसीकडून लसीकरणाची संपूर्ण नोंद मागवा: लसीचे नाव, लॉट क्रमांक, वेळ आणि देणाऱ्याचे नाव असलेली. पावती पुरत नाही. त्या दिवशी कोणती बाही वर केली याचा फोटो काढला असेल तर तोही शोधा. लस घेतल्याचे फोटो टाकणारे आपल्यात कमी नाहीत.

दुसऱ्या कारणांबद्दल. फ्रोजन शोल्डर मधुमेहींना लसीविनाही होतो, त्यामुळे साखर वाढलेली असेल तर सरकारी डॉक्टर तो मुद्दा काढतील. तो लपवू नका, कारण लसीच्या आधीच्या तीन वर्षांच्या सर्व नोंदी तसाही सरकारपक्ष मागतो. मान दुखणे किंवा बोटांना मुंग्या येणे अशी तक्रार कुठे लिहिली असेल तर ती का आणि किती काळ होती हे डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या. चारपैकी एखादी अट हुकली तरी दावा संपत नाही, पण मग लसीनेच इजा झाली हे तज्ज्ञांच्या साक्षीने, २००५ च्या अपील निकालात सांगितलेल्या तीन कसोट्यांवर सिद्ध करावे लागते. तो रस्ता लांब आणि खर्चिक आहे.

सहा महिन्यांची अट तुमच्या बाबतीत १८ एप्रिल २०२५ रोजी पूर्ण झाली, हे पुण्यातल्या जून-जुलैच्या उपचारांवरून दिसते. म्हणून ते कागद महत्त्वाचे आहेत, आणि नेमके तेच आपल्याकडे ढिसाळ असतात. रोज घरी येणारे फिजिओथेरपिस्ट रोख पैसे घेतात, पावती देत नाहीत आणि हात किती अंशांपर्यंत वर जातो याची नोंद ठेवतीलच असे नाही. त्यांना विनंती करा की त्यांच्याकडे असलेल्या वहीतल्या किंवा फोनमधल्या नोंदींची प्रत, प्रत्येक सत्राची तारीख आणि त्या वेळचे मोजमाप त्यांनी लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह द्यावे. मात्र न मोजलेले आकडे आता मागाहून बनवू नयेत. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट म्हणजे तारखा. भारतीय कागदावरची ०५/०७/२०२५ ही ५ जुलै असते, पण वॉशिंग्टनमध्ये कागद चाळणारा तिला ७ मे समजतो. मग उपचारांचा क्रम उलटसुलट दिसतो आणि एप्रिलनंतरचा खंड आहे त्याहून वेगळा भासतो. भारतातून येणाऱ्या प्रत्येक कागदावर महिना अक्षरांत लिहून घ्या. घरी तेल लावून शेकले, ओवा-मिठाची पुरचुंडी केली, हे कागदावर उपचार म्हणून दिसणार नाही. पण या मधल्या महिन्यांत तुम्ही डॉक्टरांकडे का गेला नाहीत, याचे प्रामाणिक उत्तर म्हणून ते प्रतिज्ञापत्रात अवश्य यावे.

मुदत पहिल्या लक्षणापासून तीन वर्षे आहे. ती एमआरआयपासून, निदानापासून किंवा अशी योजना आहे हे कळल्यापासून मोजली जात नाही. तुमचे पहिले लक्षण १८ ऑक्टोबर २०२४ च्या रात्रीचे, म्हणजे १८ ऑक्टोबर २०२७ च्या आत अर्ज न्यायालयात दाखल झाला पाहिजे. त्या तारखेच्या आठवडाभर आधी वकील गाठाल तर बहुतेक जण प्रकरण घेणार नाहीत, कारण कागद गोळा करण्यातच कित्येक महिने जातात. लसीच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीत तुम्ही किंवा तुमच्या डॉक्टरांनी फॉर्म भरला असला तरी तो दावा नव्हे आणि त्याने मुदत थांबत नाही.

व्हिसाबद्दल निश्चिंत राहा. योजनेला नागरिकत्वाची अट नाही. लस अमेरिकेत घेतलेली असणे पुरते, मग घेणारा नागरिक असो, एच-१बीवरचा नोकरदार असो की मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील. भरपाई ही उत्पन्न बघून दिली जाणारी सरकारी मदत नव्हे. पुढे तुम्ही भारतात परतलात तरी प्रकरण चालते, कारण ते जवळजवळ संपूर्ण कागदावर आणि ऑनलाइनच चालते.

अर्ज वॉशिंग्टनमधल्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये होतो आणि आरोग्य खात्याचे डॉक्टर कागद तपासून आपले मत देतात. अटी पूर्ण होत असतील तर सरकार अनेकदा हक्क मान्य करते आणि प्रश्न फक्त रकमेचा उरतो. नाहीतर तडजोड होते किंवा स्पेशल मास्टर कागदांवरूनच निर्णय देतात. सगळे मिळून साधारण दोन-तीन वर्षे लागतात. वेदना आणि मनस्ताप यांसाठी कायद्याने कमाल मर्यादा २,५०,००० डॉलर आहे, पण ती खांद्याच्या प्रकरणात मिळेल अशी आशा धरू नये. शस्त्रक्रिया न झालेल्या आणि वर्षाच्या आसपास सावरलेल्या खांद्यासाठी रक्कम बहुतेक वेळा पन्नास ते नव्वद हजार डॉलरच्या टप्प्यात येते. शस्त्रक्रिया झाली असेल तर ती लाखाच्या आसपास किंवा वर जाते. विम्याने न दिलेला उपचारखर्च आणि बुडालेले उत्पन्न वेगळे. लसीनंतर साडेचार महिने उपचार न घेणे हे रक्कम ठरवताना तुमच्या विरुद्ध जाईल, कारण वेदना असह्य असती तर आधी गेला असतात, असा युक्तिवाद हमखास होतो.

वकिलाची फी हा या योजनेचा सर्वांत कमी माहीत असलेला भाग आहे. दावा सद्‌हेतूने आणि वाजवी आधारावर केलेला असेल तर हरला तरी वकिलाची फी आणि खर्च न्यायालय निधीतून मंजूर करू शकते, आणि तुमच्या रकमेतून हिस्सा घेण्यास वकिलाला कायद्यानेच मनाई आहे. कोणी टक्केवारी मागितली तर तिथून उठा. वकील त्या न्यायालयात काम करण्यासाठी नोंदलेला असावा. तो न्यू जर्सीचाच असण्याची गरज नाही.

ज्यांचा खांदा दुसऱ्या लसीने दुखावला असेल त्यांच्यासाठी एक भेद सांगतो. नागिणीची लस, ज्येष्ठांना दिली जाणारी २३ प्रकारांची न्यूमोकोकल लस आणि भारतात येण्यापूर्वी घेतली जाणारी टायफॉइडची लस या योजनेत येत नाहीत. कोविडच्या लसीसाठी वेगळी योजना आहे. तिची मुदत लसीपासून अवघी एक वर्ष आहे, तिथे न्यायालय नाही, वेदनेसाठी भरपाई नाही आणि वकिलाची फीही मिळत नाही. म्हणून फ्लू आणि कोविड अशा दोन्ही लसी एकाच दिवशी घेणार असाल तर निरनिराळ्या दंडांत घ्या आणि कोणती कुठे घेतली हे त्याच दिवशी लिहून ठेवा. एकाच दंडात दोन्ही दिल्या की इजा कोणत्या सुईची, हा वाद विनाकारण उभा राहतो.

आता आईंचे. त्यांनी लस पुण्यात घेतली असल्याने अमेरिकेची योजना त्यांना उपयोगी नाही. त्यांना ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येईल, पण तिथे इंजेक्शन देण्यात निष्काळजीपणा झाला हे सिद्ध करावे लागेल आणि त्यासाठी स्वतंत्र अस्थिरोगतज्ज्ञाचे मत लागेल. मुदत दोन वर्षांची आहे. सबळ कारण दाखवले तर उशीर माफ होऊ शकतो. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते आणि सर्वांना मोफत मिळणारी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलेले आहे. तेव्हा रुग्णालयाचे बिल, लसीचे कार्ड आणि त्यानंतरच्या पहिल्या तपासणीचा केसपेपर आईंकडे आहे का ते आधी पाहा. बिल हरवले असेल तर रुग्णालयाकडे प्रतीसाठी लेखी अर्ज करा आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर पोच घ्या.